सासरेबुवांच्या सापाची तपासणी

माल ताब्यात घेतानाच तपासला नाही, तर पुढे निघणारा प्रत्येक दोष आपल्या माथी येतो. हे शहाणपण मला फरश्यांच्या कारखान्याने दिलं. तिथे मी तपासणी खात्यात आहे. फरशी उचलायची, उजेडात तिरकी धरायची, टिचकी मारून आवाज ऐकायचा, आणि जिथे डाग, चीर किंवा फुगवटा दिसेल तिथे मेणाच्या लाल पेन्सिलीने गोल काढायचा. इतकी वर्षं हे केल्यावर माणूस दुधाची पिशवी, दाराची कडी आणि शेजाऱ्याचं हसू, सगळंच तिरकं धरून बघायला लागतो. बायको म्हणते, हा संशयी स्वभाव आहे. मी म्हणतो, हा पेशा आहे. त्यावर ती आमच्या लग्नाचा फोटो दाखवते. त्यात माझी मान तिरकी आहे.

पण माझ्याहून संशयी असा एक माणूस या पृथ्वीतलावर आहे आणि तो नेमका माझा सासरा आहे. सासरेबुवा वजनमापे खात्यातून निवृत्त झाले. दुकानदारांच्या तराजूंना खालून चिकटवलेली लोहचुंबकं शोधण्यात त्यांची हयात गेली. पहिल्या भेटीत त्यांनी मला असं न्याहाळलं होतं की मी नकळत बुटांचे तळवे उचलून दाखवले. तेव्हापासून आमचे संबंध चांगले आहेत, म्हणजे दोघंही एकमेकांवर लक्ष ठेवून असतो.

सासूबाई गेल्यावर त्यांनी साप पाळला. लोक कुत्रा पाळतात, पोपट पाळतात. सासरेबुवांचं म्हणणं असं, की कुत्रा खाण्यासाठी शेपूट हलवतो आणि पोपट ऐकीव गोष्टी सांगतो, दोघांवरही विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. साप नारिंगी होता, बिनविषारी, मीटरभरापेक्षा थोडा जास्त. त्याचं नाव त्यांनी टेप ठेवलं, कारण तो मोजपट्टीसारखा गुंडाळून बसायचा. संध्याकाळी तो त्यांच्या मनगटाभोवती वेटोळं घालायचा आणि सासरेबुवा त्याला बातम्या वाचून दाखवायचे. बायको म्हणायची, "बाबांना आता टेपशिवाय कोणी नाही." हे ऐकून मला वाईट वाटायचं. मग वाटायचं, आपण काय मेलोय का?

गुडघ्याचं ऑपरेशन त्यांनी याच सापापायी लांबणीवर टाकलं होतं. "टेपला कोण बघणार?" एवढाच प्रश्न. शेवटी जिना चढणं बंद झालं, तेव्हा बायकोने त्यांचा हात हातात घेऊन शब्द दिला, "आम्ही बघू." आमच्या घरात 'आम्ही' याचा अर्थ 'मी' असा होतो.

टेपची काचपेटी आमच्या बैठकीत आली. सासरेबुवांनी आधी आपल्या काट्यावर त्याचं वजन केलं, मला आकडा मोठ्याने वाचायला लावला आणि मग सूचना दिल्या. एक दिवसाआड सापाची कातडी तपासायची. पोटाखालचे खवले, खवल्यांच्या सांदी, डोळ्यांभोवती, शेपटीचं टोक. सांदीत काळे ठिपके दिसले तर पिसवा समजायच्या, पोटावर तपकिरी डाग पडला तर ओलीने खवले सडतायत असं समजायचं.

"आणि जावईबापू," ते म्हणाले, "अंगाला काहीही लावायचं नाही. तेल नाही, पावडर नाही, काही म्हणजे काही नाही."

एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मला आतल्या आत शंका आली. ज्या माणसाने मला कधी स्वतःची छत्री दिली नाही, तो साप कसा काय देतो? नक्कीच सापात काहीतरी आधीचा दोष असणार. परत नेताना म्हणतील, "माझा साप धडधाकट होता." म्हणून ते इस्पितळात दाखल झाले त्याच दिवशी मी ठरवलं, की माल आत्ताच तपासायचा.

टेपला जेवणाच्या टेबलावर घेतलं. दिवा खाली ओढला, चष्मा पुसला. साप थंड असेल असं वाटलं होतं, पण तो हाताला कोरडा, गुळगुळीत आणि अगदी सभ्य लागला. त्याने जीभ काढून माझी तपासणी सुरू केली, मी त्याची. आणि काय सांगू, शेपटीच्या जरा वर तीन खवले वाकडे निघाले! शेजारच्या खवल्यांना सोडून ते वर उचलल्यासारखे दिसत होते. माझा संशय खरा ठरल्याचा मला जो आनंद झाला, तो लपवण्यासारखा होता. मी खिशातून लाल पेन्सिल काढली आणि त्या तीन खवल्यांभोवती छोटासा गोल केला. आता, अंगाला काही लावायचं नाही हे मला पाठ होतं. पण खूण करणं म्हणजे लावणं नव्हे. कोणत्याही तपासनीसाला विचारा.

एवढ्यात पोटाखाली काळे ठिपके दिसले. एक नाही, दोन नाही, चांगले डझनभर. मी पांढरा रुमाल फिरवला, ठिपके रुमालावर आले. पिसवा! मी खालच्या मजल्यावरच्या डोसकाकांना हाक मारली. डोसकाकांचं पूर्वी औषधांचं दुकान होतं. दुकान गेलं, पण औषधं सांगण्याची खोड राहिली. त्यांनी भिंग लावलं, रुमाल नाकाजवळ नेला, गंभीर चेहऱ्याने "पिसवाच," असं म्हणाले आणि लागोपाठ शिंकू लागले.

"बघा! ॲलर्जी! फार जहाल जात आहे," शिंकांच्या मधल्या फटीत ते म्हणाले.

बायको स्वयंपाकघरातून आली. तिने रुमालावरचा एक ठिपका बोटावर घेतला, वास घेतला आणि म्हणाली, "ही मिरपूड आहे. दुपारी तुम्हीच सांडलीत. आणि जेवणाच्या टेबलावर साप कोणाला विचारून ठेवला?"

त्यानंतर तपासणी न्हाणीघरात होऊ लागली. तरीही पुढच्या वेळी मला टेपचा रंग उतरलेला वाटला. नारिंगीचा विटकरी झाला होता. मी विटलेल्या जागी दोन खुणा केल्या. त्याच्या पुढच्या वेळी पोट गुलाबी दिसलं, तिथे चार खुणा. मग त्याने जेवण सोडलं. त्याचे गोठवलेले उंदीर आमच्या फ्रीजमध्ये आइस्क्रीमच्या शेजारी होते. घरात खाणं सोडणारा टेप एकटाच नव्हता, आइस्क्रीम मीही सोडलं होतं. आणि शेवटी एके सकाळी त्याच्या डोळ्यांवर दुधाळ निळी साय आलेली दिसली. तो माझ्याकडे बघत होता, पण मी त्याला दिसत होतो असं वाटेना.

पेन्सिल हातातच राहिली.

साप कात टाकतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. पण इतकी वर्षं मी फरश्या तपासल्या, आणि एकदा उतरलेला रंग परत चढवलेली फरशी मी आजवर पाहिलेली नाही. दोष दिसला की तो दोषच, एवढंच मला येतं. डोसकाकांनी निदान केलं, मोतीबिंदू. अंगाला ग्लिसरीन चोळा म्हणाले. समोरच्या वहिनींनी दाराच्या फटीतून सल्ला दिला, की त्याला कोणाची तरी आठवण येत असेल. बायको नुसती काचपेटीपाशी बसून राहिली. ते मला सगळ्यात वाईट वाटलं.

त्यातून रोज संध्याकाळी इस्पितळात जावं लागे. सासरेबुवा तिथेही सुखाने पडले नव्हते. परिचारिका गोळी देई, तर ते गोळीवरची अक्षरं वाचत. डॉक्टर जखम बघायला येत, तर ते पांघरूण घट्ट धरून विचारत, "आधी हात धुतलेत का?" आणि मी दिसलो की पहिला प्रश्न ठरलेला.

"टेपचे डोळे कसे आहेत?"

तब्येत नाही, वजन नाही, नेमके डोळेच! मला वाटलं, म्हाताऱ्याला कळलंय. बायकोने मागून मला चिमटा काढला. ऑपरेशन झालेल्या माणसाला धक्का द्यायचा नाही, असं घरून निघतानाच ठरलं होतं.

"स्वच्छ," मी म्हणालो. "आरशासारखे."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी माझ्याकडे तिरकं बघितलं. मी घड्याळाकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी टेपला उशीच्या अभ्र्यात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "लहान जनावर की मोठं?"

"साप."

"ते विचारलं नाही. मीटरच्या आत की बाहेर?"

मी प्रामाणिकपणे खरं सांगितलं. प्रामाणिकपणाचं फळ म्हणून मला मागच्या फाटकाशी, मोठ्या जनावरांच्या रांगेत पाठवण्यात आलं. पुढे एक बैल, मागे एक घोडा, मध्ये मी आणि अभ्रा. बैलाच्या मालकाने विचारलं, "तुमचं जनावर कुठाय?" मी अभ्रा दाखवला. त्याने सहानुभूतीने विचारलं, "एवढंच उरलं का?"

घोडा माझ्या मानेवर श्वास सोडत होता आणि त्याला माझा शर्ट आवडला असावा अशी मला शंका होती. आमचा नंबर आला तेव्हा कॉलरचा एक कोपरा ओला होता. आतल्या कारकुनाने विचारलं, "मालक तुम्हीच?"

"मी जावई."

"सापाचे?"

"मालकाचे."

"मग मालकाची सही आणा. जावई म्हणजे मालक नव्हे."

हे वाक्य मी लग्नापासून वेगवेगळ्या शब्दांत ऐकत आलो आहे, पण इतकं स्वच्छ कोणी म्हटलं नव्हतं. सही आणायची म्हणजे सासरेबुवांना सांगायचं. काही न सांगता त्यांच्यापुढे कागद सरकवावा, तर हा माणूस गोळीवरची अक्षरंसुद्धा वाचून घेतो. मी अभ्रा छातीशी धरून घरी आलो. आयुष्यात पहिल्यांदाच दोष असलेला माल मला परत पाठवायचा नव्हता, बरा करायचा होता, आणि त्याची पेन्सिल माझ्याकडे नव्हती.

मग चमत्कार झाला. टेपचे डोळे आपोआप स्वच्छ झाले. त्या संध्याकाळी सासरेबुवांनी विचारलं, "डोळे?" मी म्हणालो, "स्वच्छ." पहिल्यांदाच खरं बोललो होतो. त्यांनी तितक्याच तिरक्या नजरेने बघितलं. म्हणजे खरं बोलूनही काही फायदा नव्हता.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटीत डोकावलो, तर टेप चपटा झालेला.

रंग नाही, मांस नाही, नुसतं पारदर्शक सालपट, आणि त्यावर माझे लाल गोल. मी किंचाळलो. डोसकाका दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून धावत वर आले, त्यांनी काचेतून बघितलं आणि म्हणाले, "गेला. ग्लिसरीन लावलं असतं तर वाचला असता." मी खुर्चीत बसलो. सासरेबुवा चार दिवसांत घरी येणार, टेपबद्दल विचारणार, हे सगळं डोळ्यांपुढे आलं आणि मला खरोखर रडू आलं. त्या थंड डोळ्यांच्या प्राण्याची मला सवय झाली होती, हेही मला त्याच क्षणी कळलं.

बायकोने पेटीत हात घातला, लाकडाचा तुकडा बाजूला केला. खालून टेप बाहेर आला. लखलखीत नारिंगी, जणू नुकताच भट्टीतून निघालेला.

"अहो," ती म्हणाली, "कात आहे ती."

डोसकाका म्हणाले, "मला शंका होतीच," आणि उरलेली दाढी करायला गेले.

आता प्रश्न कातीचा होता. तिच्यावर माझे लाल गोल होते, आणि 'काही म्हणजे काही नाही' हे शब्द माझ्या कानात होते. टाकून द्यावी तर बायको म्हणाली, "बाबा प्रत्येक कात बघतात." दाखवावी तर माझी अब्रू जाणार. मी कात अलगद गुंडाळून छत्रीच्या कव्हरात घातली आणि कव्हर कपाटामागे ठेवलं. कात निघालीच नाही असं सांगायचं. दुधाळ डोळे ही कातीचीच वर्दी होती, हे आता मलाही उमगलं होतं; पण ज्या सापाचे डोळे माझ्या सांगण्यानुसार कायम आरशासारखे होते, त्याची कात निघेलच कशी?

सासरेबुवा काठी टेकत आमच्याकडे आले ते काटा बरोबर घेऊनच. खुर्चीत बसले आणि आधी हात पुढे केला. मी टेप दिला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. टेपला उजेडात धरलं, अगदी माझ्यासारखं तिरकं. मग काट्यावर ठेवलं.

"वजन कमी भरलं."

"जेवला नाही थोडे दिवस," मी म्हणालो.

"का?"

"सहज."

"रंग वेगळा आहे. टेप इतका उजळ नव्हता. कात टाकली का?"

"नाही," माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. मला वाटलं होतं, ते ओरडतील. त्यांचा आवाज मात्र अगदी खाली गेला.

"जावईबापू, माझा टेप गेला ना? गेला, आणि तुम्ही दुसरा आणून ठेवलात. मला वाईट वाटू नये म्हणून." ते थांबले. "इस्पितळात तुम्ही रोज 'स्वच्छ' म्हणायचात तेव्हाच मला कळलं होतं. असं तोंड मी चुंबक लावलेल्या दुकानदारांचं बघितलंय."

नवा साप समजून त्यांनी टेपला टेबलावर परत ठेवलं, अगदी हळूच, परक्याची वस्तू ठेवावी तसं. टेप आपणहून त्यांच्या मनगटाकडे निघाला, तर त्यांनी हात मागे घेतला. बायको म्हणाली, "बाबा, टेपच आहे हो तो!" पण त्यांना कोणाचा नुसता शब्द पटला असता, तर त्यांनी आयुष्यभर दुकानदारांचे तराजू उलटे केले नसते.

मी उठलो. कपाटामागून छत्रीचं कव्हर काढलं. खरं सांगतो, ते चार पावलांचं अंतर मला दवाखान्याच्या रांगेपेक्षा लांब वाटलं. कात बाहेर काढून मी ती त्यांच्यापुढे टेबलावर पसरली. नाकापासून शेपटीपर्यंत लाल गोल.

सासरेबुवांनी एका गोलावरून नख फिरवून बघितलं.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"खुणा. मी तपासत होतो. पेन्सिलने." मग बांध फुटला. "डोळे दुधाळ झाले होते. मी खोटं बोललो. मिरपुडीला पिसवा म्हणालो. बैलामागे उभा राहिलो. आणि तुम्ही साप आधीच बिघडलेला दिलात, असा मला पहिल्या दिवसापासून संशय होता."

"का?"

"इथे तीन खवले वाकडे होते म्हणून." मी शेपटीजवळच्या गोलावर बोट ठेवलं.

सासरेबुवांनी भिंग मागितलं. आधी कातीवरचा गोल बघितला. मग टेपला उचललं, शेपटीकडून वर सरकत गेले आणि थांबले. तिथे, नव्या कोऱ्या झगझगीत कातडीवर, तेच तीन खवले तसेच वाकडे होते.

"जन्मापासूनचे आहेत," ते म्हणाले. "तुझ्या सासूच्या फोटोसमोर पहिल्यांदा पेटी उघडली तेव्हाच मी बघून ठेवले होते. दुसऱ्या कोणाला ते दिसले नाहीत आजवर."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला 'तू' म्हटलं होतं. टेपने त्यांच्या मनगटाला वेटोळं घातलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मीही माझा पुसला. बायको आम्हा दोघांकडे बघून म्हणाली, "दोन तपासनीस, पण एकाला सरळ प्रश्न विचारता येत नाही, आणि दुसऱ्याला सरळ उत्तर देता येत नाही." आणि चहा करायला गेली.

"डोळे दुधाळ झाले की कात येते," सासरेबुवा म्हणाले. "रोज तेच तर विचारत होतो. एकदा खरं बोलला असतात तर बैलामागची रांग वाचली असती." लगेच 'तुम्ही'वर आले, पण आवाज मऊच राहिला. मग त्यांनी कात मोजली. ती सापापेक्षा लांब निघाली. मी घाबरलो, पण ते म्हणाले, निघताना ताणली जाते, तिला गैरमापात धरत नाहीत.

मला वाटलं, प्रकरण मिटलं. पण ते जायचं नाव काढेनात. चहा झाला, बातम्या वाचून झाल्या. बायको आत गेल्यावर त्यांनी दाराकडे एक संशयी नजर टाकली, काठी भिंतीला टेकवली आणि विजारीचा पाय हळूहळू गुडघ्याच्या वर गुंडाळला. टाक्यांची लांब, गुलाबी रेघ होती. ज्या जागेवर त्यांनी इस्पितळात एकाही डॉक्टरला सुखाने बघू दिलं नव्हतं, ती त्यांनी माझ्यापुढे केली.

"हा खालचा टाका जरा लाल वाटतोय," ते पुटपुटले. "चष्मा लावा आणि नीट तपासा. पण पेन्सिल आधी तिकडे ठेवा."

मी पेन्सिल खिशातून काढून दूर, फ्रीजवर ठेवली. हात धुतले. दिवा खाली ओढला आणि त्यांच्यापुढे जमिनीवर बसलो. गुडघा उजेडात धरला, वरून खाली, खालून वर, एकेक टाका बघितला. टेपही त्यांच्या मनगटावरून मान काढून बघत होता.

"निर्दोष आहे, बाबा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे तिरकं बघितलं.

"पुन्हा बघा."

मी पुन्हा बघितलं.